चाक कोण धरणार?

मी एक जुनी कॉफी दळायची चक्की आहे. मित्रांनो, माझी कहाणी मला आज जरा घाईनेच सांगावी लागणार आहे. समोरच्या घड्याळात एक वाजून गेला आहे आणि चार वाजता मला न्यायला माणसे येणार आहेत. फार लांब नाही, रस्त्याच्या पलीकडे, मोजून तीस पावलांवर. एवढ्याशा अंतराला काय घाबरायचे, असे तुम्हाला वाटेल. पण तिकडे गेले की मी पुन्हा कधीही दळणार नाही. मला रंग देऊन, चकचकीत करून उंच फळीवर नुसते बसवून ठेवणार आहेत. म्हणून सकाळपासून मी घड्याळाकडेच बघते आहे.

तसा माझा स्वभाव पहिल्यापासूनच घाबरट. लोखंडाच्या वस्तूला हे शोभत नाही, हे मला कळते. पण काय करणार, माझी सुरुवातच धाकधुकीत झाली. ओतकामाच्या कारखान्यात वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी झाले. माझ्या शेजारच्या साच्यातली चक्की थंड होता होता तडकली. तिला तिथेच घणाने फोडून पुन्हा भट्टीत टाकले. तेव्हापासून कोणी हातोडा उचलला की माझा जीव खालीवर होतो. पुढे एका वयस्क कारागिराने माझ्या पोटात दोन दातेरी तबकड्या बसवल्या, एक स्थिर आणि एक फिरणारी. त्यांची जोडी चुकू नये म्हणून दोघींवर त्याने एकच आकडा ठोकला आणि मला गवतात गुंडाळणाऱ्या माणसाला बजावले, "घेणाऱ्याला सांग, महिन्यातून एकदा उघडून पुसायची. नाहीतर वास धरेल." मी घाबरट असले तरी कान तिखट आहेत. ते शब्द मी लक्षात ठेवले.

मला ज्यांनी विकत घेतले ते आता नाहीत. त्यांचा मुलगा आता दुकान चालवतो. सगळी गल्ली या मुलाला कॉफीकाका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणते. दुकान लहान आहे. चार टेबले, एक लाकडी काउंटर, त्यावर मी, आणि माझ्या समोर रस्त्याकडची काचेची खिडकी. मागच्या बाजूने जिना वर जातो. वर काकांचे घर. काकूंचे गुडघे धरले तेव्हापासून त्या खाली उतरत नाहीत, पण जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच सगळ्या कारभारावर नजर ठेवतात. नजर म्हणजे कान. खाली चमचा पडला तरी वरून प्रश्न येतो, "कोणता?"

रोज सकाळी काका माझ्या नरसाळ्यात दाणे ओतत आणि दांडा फिरवत. या दुकानाची एक रीत आहे. खालच्या खणात पडलेली पहिली मूठ कोणाला द्यायची नाही, ती पुन्हा वर नरसाळ्यात टाकायची. कालचे चार शिळे कण माझ्या दातांत अडकलेले असतात, ते पहिल्या मुठीत येतात. ताज्या दाण्यांबरोबर ती मूठ पुन्हा दळली की मगच पहिला कप व्हायचा. घाईच्या वेळी गिऱ्हाईक ताटकळत उभे असले तरी काकांनी ही रीत कधी मोडली नाही. माझ्या पाठीवर जाड-बारीक करायची एक पितळी चकती आहे. तिच्या कडेवर काकूंनी आपल्या नेलपॉलिशने ठिपके दिले आहेत. लाल ठिपका पोस्टमनआजोबांचा, त्यांना जाडसर लागते. गुलाबी ठिपका समोरच्या माडीवर शिवणकाम करणाऱ्या टेलरताईंचा. जांभळा गणिताच्या बाईंचा, त्यांना इतकी बारीक आणि कडक लागते की काका म्हणत, "बाई, ही कॉफी प्यायल्यावर मुलांना शून्य मार्क देऊ नका हो." माणूस दारात दिसला की काका चकती त्याच्या ठिपक्यावर आणत. त्याने तोंड उघडायच्या आत माझी घरघर सुरू व्हायची. काय तो थाट होता! बाहेरगावचे लोक थांबून माझा फोटो काढत. मी मात्र, कोणी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या दांड्यात अडकवेल का, या चिंतेत असायचे.

अगदी टोकाला एक पांढरा ठिपका आहे. तो बारकीचा. बारकी म्हणजे काका-काकूंची एकुलती एक मुलगी. ती आता काकांपेक्षा वीतभर उंच आहे, पण घरात तिचे नाव तेच राहिले. लहानपणी तिने मोठ्यांसारखी कॉफी मागितली, तेव्हा काकूंनी हा ठिपका दिला. इतके जाड दळण की दुधाला कॉफीचा नुसता वास लागावा.

आता मुख्य गोष्ट. मला उघडणे हे एकट्याचे काम नाही. माझा दांडा ज्या मोठ्या चाकाला जोडला आहे, त्याच्या मधोमध एक नट आहे. एकट्याने त्याला पाना लावला तर चाकच गरगर फिरते आणि नट जागचा हलत नाही. एकाने चाक धरायचे, दुसऱ्याने पाना पिरगळायचा. दर महिन्याचा पहिला रविवार या कामाचा. आधी काकांचे वडील आणि काका, मग काका आणि काकू, आणि काकूंचे गुडघे दुखू लागल्यावर काका आणि बारकी. सात वर्षांची बारकी बाटल्यांच्या खोक्यावर उभी राहून माझ्या चाकाला अक्षरशः लोंबकळायची. काका विचारत, "चाक धरतेस का?" ती म्हणायची, "धरलंय बाबा, पिरगळा!" मग तबकड्या बाहेर निघत, ब्रशने दात घासले जात, आणि दुसऱ्या दिवशी मी नव्यासारखी दळत असे. दर महिन्याला मला वाटायचे, या वेळी नट हरवणार. पण तो कधी हरवला नाही.

मग समोरच्या फर्निचरच्या दुकानाच्या काचांना आतून कागद लागले. महिनाभर आत ठोकाठोक चालू होती. एके दिवशी कागद निघाले आणि गल्लीने पाहिले तर आत मऊ खुर्च्या, लोंबते दिवे आणि शहराशहरांत शाखा असलेल्या मोठ्या कॉफी कंपनीची पाटी. रात्रीतून माझी झोप उडाली. काकांची तर त्याआधीच उडाली होती. व्यापारी मंडळाने एक अर्ज तयार केला, असल्या मोठ्या साखळीच्या दुकानांना गल्लीत परवानगी देऊ नये, दिली असेल तर रद्द करावी म्हणून. काकांनी पहिली सही केली आणि अर्ज उडू नये म्हणून माझ्या पायाखाली ठेवला. त्यामुळे लोकांची मते मला अगदी जवळून ऐकायला मिळाली. आणि मित्रांनो, खरे सांगते, ऐकून माझी काळजी कमी होण्याऐवजी वाढली.

पोस्टमनआजोबांनी सही ठोकली आणि म्हणाले, "काल बघायला गेलो होतो. ढवळायला चमचा मागितला तर घसा तपासताना डॉक्टर घालतात ना, तसली काडी दिली. मी आपला आ करून उभा!"

सगळे हसले. टेलरताई मात्र पेन हातात घेऊन थांबल्या. "काका, राग मानू नका, पण मी सही नाही करणार," त्या म्हणाल्या. "तिथं मी एकटी तासभर बसले. कोणी मान वर करून बघितलं नाही, की ताई अजून काय हवंय म्हणून विचारलं नाही. आणि बाथरूम किती स्वच्छ! दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईला विचारा, ही केवढी गोष्ट आहे ते."

"पण सगळ्या शहरांत एकच चव," पोस्टमनआजोबा म्हणाले. "माणसाला काही स्वतःचं नको?"

"तेच तर चांगलं आहे की," कोपऱ्यातला टॅक्सीवाला म्हणाला. "मी दिवसाला चार गावं फिरतो. कुठं काय प्यायला मिळेल याचा भरवसा नसतो. तिथं निदान वाईट तरी मिळणार नाही, हे माहीत असतं."

गणिताच्या बाईंनी चष्मा सारखा करून सही केली. "लहान दुकानं टिकलीच पाहिजेत," त्या ठामपणे म्हणाल्या. मग पेन परत देताना जरा हळू आवाजात म्हणाल्या, "वह्या तपासायला मात्र मी तिथंच बसणार. पंखा किती गार लागतो हो."

जिन्यावरून काकूंचा आवाज आला, "माझी सही धरू नका. मी अजून तिथली चव घेतलेली नाही."

काकांनी माझ्यावरून फडके फिरवले, तेही उगाच, कारण मी स्वच्छच होते. त्या अर्जाचे पुढे काय झाले, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. समोरचे दुकान मात्र चालू राहिले.

दोन आठवड्यांनी बारकी खाली आली ती तपकिरी ॲप्रन हातात घेऊन. समोर काम करणाऱ्यांच्या अंगावर मी तो ॲप्रन काचेतून रोज पाहत होते, म्हणून लगेच ओळखला आणि माझे दात एकमेकांवर घासल्यासारखे झाले. काकांनीही ओळखला.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"मला तिथं नोकरी लागली, बाबा. उद्यापासून."

"दुकान काय बंद पडलंय आपलं?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग? इथं काय कमी आहे तुला? समोरच जायचं होतं? अख्ख्या शहरात दुसरी जागा मिळाली नाही?"

बारकीने ॲप्रनची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "बाबा, तिथं ठरलेली सुट्टी आहे. काम चुकलं तर कसं करायचं ते दाखवतात. वर्षभरात मला शिफ्टची प्रमुख करतील. इथं मी तुमची मुलगी आहे. तिथं मी कामाला आहे. मला एकदा कामाला असून बघायचंय."

काका म्हणाले, "जा."

तो एवढासा शब्द, पण त्यानंतर त्या दोघांचे बोलणे जवळजवळ संपलेच. जेवायला वाढ, दार लाव, एवढ्यापुरते. पुढचा पहिला रविवार आला. बारकीला त्या दिवशी सुट्टी होती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि वाट पाहत होती. काकांनी पाना हातात घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि पाना परत खणात ठेवला. एवढे तीन शब्द विचारायचे होते. त्यांनी विचारले नाहीत, आणि तिनेही आपणहून म्हटले नाही. थोड्या वेळाने ती वर निघून गेली. मी तशीच न उघडता राहिले. मला कारागिराचे बोल आठवले, नाहीतर वास धरेल.

मित्रांनो, भीतीपोटी माणूस काय काय करतो, ते मी त्यानंतर पाहिले. काकांनी भिंतीवर मोठा फळा लावला आणि त्यावर लांबलचक नावांची पेये लिहिली. ती नावे त्यांना स्वतःलाच धड म्हणता येत नसत. कोणी मागितले की ते फळ्याकडे बोट दाखवून म्हणत, "तिसरं ना?" काचेचे पेले गेले, कागदी कप आले. आणि मग आली ती चॉकलेटच्या वासाच्या दाण्यांची पिशवी. समोर वासाची कॉफी फार खपते, असे काकांनी ऐकले होते. त्या दाण्यांना वरून कसलासा गोड, चिकट थर होता. पिशवी उघडल्याबरोबर मला मळमळले. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते, "काका, हे माझ्यात नको!" पण त्यांनी भसाभसा ओतले आणि दांडा फिरवला.

तो चिकट थर माझ्या दातांना बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीचे दाणे दळले, पहिली मूठ परत वर टाकली, तरी वास येतच होता. मग दोन मुठी टाकून पाहिल्या, मग तीन. लाल ठिपक्याला चॉकलेटचा वास, गुलाबीला चॉकलेटचा वास, जांभळ्यालाही तोच. काकांनी माझा खण धुतला, नरसाळे लिंबाने घासले, बाहेरून मला इतके पुसले की माझा रंग उडाला. वास होता माझ्या पोटात. आणि पोट उघडायला चाक धरणारे कोणी हवे होते.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनआजोबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "काका, ही तर त्यांच्यासारखीच लागते. मग मी तिथंच जातो ना. तिथं खुर्ची तरी मऊ आहे."

ते गेले. गणिताच्या बाई आधीच गेल्या होत्या. टॅक्सीवाला अधूनमधून यायचा, तोही येईनासा झाला. काका माझ्यावर फडके टाकू लागले आणि तयार पुडीतली कॉफी करू लागले. फडक्याखाली मला काही दिसत नसे. फक्त दार किती कमी वेळा वाजते, ते ऐकू येई. असे जवळजवळ दोन महिने गेले. इतक्या वर्षांत मला पडण्याची, तडकण्याची, नट हरवण्याची भीती वाटत आली होती. कोणाच्या उपयोगाचे न राहण्याची भीती मी कधी धरलीच नव्हती, आणि नेमके तेच झाले.

गेल्या सोमवारी माझ्यावरचे फडके कोणीतरी उचलले. समोरचा मॅनेजर होता. माणूस वाईट नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने आधी काकांना विचारले, मगच हात लावला. "आमच्याकडं एक जुन्या काळाचा कोपरा करतोय," तो म्हणाला. "ही तिथं फार शोभेल, काका. चांगली किंमत देऊ. खाली पाटी लावू, या गल्लीतली सगळ्यात जुनी चक्की म्हणून."

काकांनी माझ्या नरसाळ्यावरची धूळ बोटाने पुसली. "तशीही आता ती वासाचीच झालीय," ते म्हणाले. "तिथं निदान लोक बघतील तरी तिला. शनिवारी चार वाजता घेऊन जा."

वरून काकूंची खुर्ची करकरली. पण त्या काही बोलल्या नाहीत. हे फार विपरीत वाटले मला.

आणि आज शनिवार आहे. माझी कहाणी इथपर्यंत आली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. काकांनी मला पुसून काउंटरच्या कडेला आणून ठेवले आहे, कडेला, मित्रांनो, जिथून पडायची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

थांबा. दार वाजले.

बारकी आली आहे. अंगात तपकिरी ॲप्रन तसाच आहे. धापा टाकते आहे, म्हणजे रस्ता धावतच ओलांडला असणार. समोरच्या दाराने ती या दुकानात कित्येक आठवड्यांत आली नव्हती.

"बाबा, माझी तासाभराची सुट्टी आहे, नीट ऐका," ती म्हणाली. "आमच्याकडं त्या कोपऱ्याचं चित्र लावलंय. मी आत्ता बघितलं. हिचा दांडा वेल्ड करणार आहेत. कोणा मुलाचं बोट अडकू नये म्हणून. आणि वर नरसाळ्यात दाणे डिंकाने चिकटवणार. कायमचे."

काकांच्या हातातले फडके थांबले.

"मग काय झालं?" ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "वासाची चक्की आहे. दळून करायचंय काय?"

"उघडली का तुम्ही?"

काकांनी फडके पुन्हा फिरवायला घेतले.

"उघडली नाही ना? दोन महिने?"

"एकट्याने उघडत नाही ती."

"मग मला का नाही बोलावलंत? मी वर होते. पायरीवर उभी होते मी, बाबा!"

"तू त्यांच्याकडं कामाला," काका म्हणाले. "मी कुठल्या तोंडाने सांगणार? माझी सही आहे त्या अर्जावर, सगळ्यात वर. तुझ्या दुकानाला परवानगी नको म्हणून मी सही केली, आणि परत तुलाच म्हणू की..."

बारकीचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. "हे बघा, मी काम सोडणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मला आवडतं तिथं. तिथली कॉफी आपल्यासारखी नाही, आणि आपल्याकडं त्यांच्यासारखं बाथरूम नाही. दोन्ही खरं आहे. पण म्हणून माझे हात काही त्यांनी विकत घेतलेले नाहीत."

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. जिन्यावरून काकू म्हणाल्या, "अहो, विचारा की आता. माझे गुडघे धड असते तर मीच उतरले असते."

काकांनी खण ओढला. पाना बाहेर काढला. तो दोनदा हातात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता, तिच्याकडेही न पाहता, जमिनीकडे पाहून ते म्हणाले, "चाक धरतेस का?"

बारकीने दोन्ही हातांनी माझे चाक घट्ट पकडले. आता तिला खोक्यावर उभे राहावे लागत नाही. "धरलंय बाबा, पिरगळा."

नट इतका घट्ट बसला होता की पहिल्यांदा हललाच नाही. मला वाटले, गेले, आता हा उघडत नाही आणि चार वाजणार. दुसऱ्यांदाही हलला नाही. तिसऱ्यांदा काकांनी सगळे अंग टाकले, बारकीने पाय काउंटरला टेकवून चाक ओढून धरले, आणि कर्रकन् आवाज झाला. मला दुखले. पण असे दुखणे मी आयुष्यभर सोसायला तयार आहे.

तबकड्या बाहेर आल्या. त्यांच्या दातांत काळा, चिकट गाळ बसला होता. दोघांनी ब्रशने, गरम पाण्याने, सुईने एकेक दात साफ केला, कोरडा केला आणि तबकड्या परत बसवल्या. मग मूठभर कोरडे तांदूळ माझ्यातून दळले, उरलेला वास ओढून घ्यायला. पांढरे पीठ तपकिरी होऊन पडले. दुसरी मूठ कमी तपकिरी. तिसरी जवळजवळ पांढरी. मग दाणे. पहिली मूठ परत वर. बारकीने चकती लाल ठिपक्यावर आणली.

"कोणासाठी?" काकांनी विचारले.

"पोस्टमनआजोबा आमच्याकडं दुसऱ्या टेबलावर बसलेत. काडीने ढवळतायत. कंटाळलेत बिचारे. जाताना हा कप नेते आणि देते."

"तुमच्या दुकानात? आपला कप? मॅनेजर ओरडेल."

"ओरडू दे," बारकी म्हणाली आणि कप घेऊन रस्ता ओलांडून गेली. मी काचेतून पाहत होते. आजोबांनी कप नाकाशी नेला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग ते हळूहळू उठले, खुर्चीवरची काठी घेतली, आणि तो कप हातात धरून इकडे यायला निघाले. रस्त्यावर एक गाडी जोरात आली, तेव्हा मला पापण्या असत्या तर मी त्या मिटल्या असत्या. पण ते आले. आपल्या जुन्या जागेवर बसले. "खुर्ची काही मऊ नाही तुमची," एवढेच म्हणाले आणि कप संपवला.

बरोबर चार वाजता मॅनेजर एका माणसाला आणि एका हातगाडीला घेऊन आला. काकांनी माझ्या नरसाळ्यावर हात ठेवला होता. "माफ करा," ते म्हणाले. "शब्द दिला होता, तो मोडतोय. ती चालती आहे. चालती चक्की नाही देता येत."

मॅनेजर नाराज झाला, पण त्याने वास घेतला आणि जरा थांबला. "एक कप मिळेल?" त्याने विचारले. काकांनी त्याला कप दिला. तो उभ्यानेच प्यायला, आणि जाताना म्हणाला, "फळीवरची जागा मी रिकामी ठेवतो, काका. विचार बदलला तर सांगा."

ती रिकामी जागा मला इथून दिसते आहे. लोंबत्या दिव्याखाली, बरोबर माझ्या मापाची. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. गणिताच्या बाई अजून वह्या घेऊन तिकडेच बसल्या आहेत. टेलरताई आठवड्यातून दोन दिवस इकडे येतील, दोन दिवस तिकडे, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. हे दुकान पुढच्या वर्षी असेल की नाही, कोण जाणे. मी ही काळजी करते आहे आणि करतच राहीन, तो माझा स्वभाव आहे.

पण उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे. आज उघडलेली असताना उद्या पुन्हा कशाला, असे काका म्हणाले. "उद्याचं उद्या," काम संपवून परत आलेली बारकी म्हणाली आणि पाना खणात न ठेवता माझ्या शेजारी ठेवून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला शोभेसाठी उंच ठेवू नका, तिच्याकडून काम घ्या, आणि ठरलेल्या दिवशी तिला उघडून पुसा. ते काम एकट्याने होत नसेल, तर घरात कोण पायरीवर उभे आहे ते बघा. आणि त्याला विचारा. आमच्या काकांसारखे दोन महिने लावू नका.